मोजणीचा वर्ग महाबळेश्वरात हवा

महाबळेश्वर तालुक्यातली जमीन मोजणं हे सपाटीवरच्या मोजणीहून वेगळं काम आहे. इंदापूर-बारामतीकडे शेताच्या एका कोपऱ्यावर उभं राहिलं की दुसरा कोपरा दिसतो. इथे हद्दीच्या दोन दगडांमध्ये ओढा असतो, कारवीचं रान असतं आणि उतार तर असतोच. तीस अंशांच्या उतारावर जमिनीला टेकवून शंभर मीटर टेप धरली, तर नकाशावर ते अंतर जेमतेम साडेशहाऐंशी मीटर भरतं. कारण क्षेत्र धरायचं ते आडव्या पातळीत. हे ठाऊक नसलं की टेपने मोजलेलं शेत सात-बाऱ्यापेक्षा मोठं दिसतं, शेजारी अतिक्रमणाचा आरोप करतो आणि दोन घरं कोर्टाची पायरी चढतात.

म्हणून महाबळेश्वर-वाई-जावळी या पट्ट्यातल्या एखाद्या महाविद्यालयाने भूमापनाचा अभ्यासक्रम सुरू करावा, असं मला मनापासून वाटतं. आज दहावी झालेल्या मुलाला या कामाकडे जायच्या वाटा दोन: आयटीआयमधला दोन वर्षांचा सर्व्हेअर ट्रेड, नाहीतर स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका. भूकरमापकाच्या सरकारी भरतीलाही यांपैकीच एक पात्रता लागते. पण पदविकेत भूमापन हा अनेक विषयांतला एक विषय आणि कराड-सांगलीची अभियांत्रिकी महाविद्यालयं कोयनाकाठच्या मुला-मुलींना लांब पडतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2013 मध्ये कम्युनिटी कॉलेजची योजना आणली ती याच विचाराने, की ज्या भागाला जे कौशल्य हवं ते तिथल्याच महाविद्यालयात शिकायला मिळावं.

आपल्याकडे मोजणीचं शिक्षण जुनं आहे. मद्रासजवळ गिंडीला 1794 मध्ये मोजणीची शाळा निघाली. तिचंच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालं. मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी 1820च्या दशकात देशी मुलांसाठी वर्ग चालवला, तोही मराठी आणि गुजरातीतून. दोनशे वर्षांपूर्वी भूमिती आणि मोजणी मराठीत शिकवता येत होती, हे आज अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. त्याच सुमारास प्रिंगल या ब्रिटिश अधिकाऱ्याने सारा ठरवण्यासाठी दख्खनची पाहणी हाती घेतली. सदोष मोजणी, खालच्या नोकरांचा भ्रष्टाचार आणि न पेलणारा सारा यांमुळे ती सोडून द्यावी लागली. मग 1835 पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरातून नव्याने सुरुवात केली. सातारचं राज्य 1848 मध्ये खालसा झाल्यावर हीच पद्धत इकडे आली. आपले सर्व्हे नंबर त्या कामाची देण आहेत. गट नंबर आले ते 1947च्या कायद्याखालच्या एकत्रीकरणातून.

जुन्या मोजणीचा कागद एकदा तरी नीट पाहावा. त्याला टिपण म्हणतात. मधून एक रेघ जाते आणि तिच्या डाव्या-उजव्या अंगाला बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंतचं काटकोनातलं अंतर लिहिलेलं असतं. मापं साखळी आणि आण्यांत. साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. म्हणजे एक आणा दोन फूट पाऊण इंच. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो गुंठा, 1,089 चौरस फुटांचा. चाळीस गुंठ्यांचा एकर. गुंठा म्हणजे 101.17 चौरस मीटर, तर आर म्हणजे 100. फरक किरकोळ वाटतो. पण एकराला तो 47 चौरस मीटर होतो. पोटहिस्से पडत गेलेल्या जमिनीत एवढ्यावरूनही भाऊबंद हटून बसतात. त्यात जुन्या दप्तरात मोडी असते. टिपण वाचून शेताची आकृती पुन्हा जमिनीवर उभी करणं ही या धंद्यातली खरी विद्या आहे. रोव्हर नावाचं यंत्र उपग्रहांवरून एखाद्या बिंदूची जागा काही सेंटिमीटरपर्यंत सांगतं. पण बांध मुळात कुठे होता हे कागदच सांगतो.

शिवाय यंत्रालाही इथे मर्यादा आहेत. रोव्हरला मोकळं आकाश लागतं आणि कायमस्वरूपी केंद्रांकडून येणाऱ्या दुरुस्त्या घ्यायला इंटरनेट लागतं. तापोळ्याच्या पलीकडे कांदाटी खोऱ्यात, दाट झाडीखाली, ही दोन्ही एकदम मिळतीलच असं नाही. तिथे कोन आणि अंतर मोजणारं टोटल स्टेशन लावून, उघड्या जागेवरून खूण पुढे नेत काम करावं लागतं. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोनने गावठाण मोजलं गेलं आणि 2020 मध्ये केंद्राची स्वामित्व योजना आली. मात्र ड्रोनला घराचं छप्पर दिसतं, रानाखालचा बांध दिसत नाही.

महाबळेश्वर-पाचगणी परिसर जानेवारी 2001 मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून इथे बांधकामाला परवानगी मिळणार की नाही, हे जागेचा उतार, वनाची हद्द आणि झाडं यांवर ठरतं. या तिन्ही गोष्टी मोजाव्याच लागतात. मोजणी चुकली तर एखाद्याचं घर अडतं, नाहीतर डोंगर कापला जातो. हॉटेलांच्या गावात मुलांनी वेटर आणि गाइड व्हावं हे जणू ठरूनच गेलंय. त्याच मुलांच्या हाती आपल्या डोंगराचा नकाशा द्यायला काय हरकत आहे?

वेळापत्रक तर निसर्गानेच आखून दिलंय. जून ते सप्टेंबर इथे धो धो पाऊस आणि धुकं. यंत्र बाहेर काढायची सोय नाही. ते चार महिने टिपण, फाळणी म्हणजे पोटहिस्स्यांचे नकाशे, मोडी, त्रिकोणमिती आणि कायदा शिकवावा. ऑक्टोबर उजाडला की मुलं शिवारात. साखळी आणि प्लेन टेबल आधी, टोटल स्टेशन मग, रोव्हर शेवटी. हा क्रम उलटा करू नये. हाताने एक शेत मोजलेल्या मुलाला यंत्राने दिलेलं चुकीचं उत्तर ओळखता येतं.

सातारा-सांगलीच्या शिक्षणसंस्थांच्या चालकांना एक विनंती. अभ्यासक्रमाचा प्रस्ताव करताना यंत्रांच्या यादीपासून सुरुवात करू नका. आधी आपल्या तालुक्यातले निवृत्त भूकरमापक शोधा, त्यांना मानधन द्या आणि वर्गावर उभं करा. टिपण वाचणारी ही पिढी थकत चाललीय. यंत्र पुढच्या वर्षीही विकत मिळेल.