केमोच्या आधीचे दोन आठवडे

स्त्रीच्या अंडाशयातील बीजांडांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो. जन्मावेळी दहा ते वीस लाख असलेली अपक्व बीजांडे वयात येईपर्यंत तीन ते पाच लाखांवर येतात आणि पुढेही घटत राहतात. नवी तयार होत नाहीत. सायक्लोफॉस्फामाइडसारखी केमोची औषधे पेशींच्या डीएनएवर घाव घालतात, त्यात सुप्त बीजांडेही सापडतात. ओटीपोटावरील किरणोपचार याहून घातक. दोन ग्रेपेक्षा कमी मात्राही निम्मी अपक्व बीजांडे नष्ट करू शकते. उपचारांनंतर पाळी परत आली म्हणजे साठा शाबूत राहिला, असे मात्र नाही. ती अनेकदा काही वर्षे लवकर थांबते.

भारतात स्तनाचा कर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा सरासरी दहा वर्षे आधी गाठतो, त्यामुळे मूल होण्याआधीच निदान झालेल्या स्त्रियांची संख्या उपेक्षण्याजोगी नाही.  भोपाळमध्ये बिट्टन मार्केटजवळ राहणाऱ्या पंचविशीतल्या मुलीला गाठ आढळली, तर साकेतनगरचे एम्स किंवा ईदगाह हिल्सवरचे जवाहरलाल नेहरू कर्करोग रुग्णालय गाठता येते. मात्र कर्करोगाचा डॉक्टर एकीकडे आणि वंध्यत्वतज्ज्ञ दुसरीकडे असला की मुलाबाळांचा विषय कोणी काढायचा, हेच ठरत नाही. तो कर्करोगतज्ज्ञानेच, निदानाच्या पहिल्या भेटीत काढायला हवा. मुलगी अविवाहित असेल तरीही, आणि शक्यतो तिच्याशी एकटीशी बोलून.

घाई यासाठी की बीजांडे मिळवायला दहा ते चौदा दिवस लागतात. पूर्वी पाळीची वाट पाहावी लागे. आता चक्राच्या कोणत्याही दिवशी बीजांडे वाढवणारी इंजेक्शने सुरू करता येतात. स्तनाच्या कर्करोगात इस्ट्रोजेन वाढू नये म्हणून सोबत लेट्रोझोल देतात. काढलेली बीजांडे अतिजलद गोठवून उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. अमेरिकेतील प्रजनन वैद्यक संस्थेने २०१२ साली या पद्धतीवरचा ‘प्रायोगिक’ शिक्का काढला. भ्रूण गोठवणे त्याहून जुने: कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ मध्येच ५३ दिवस गोठवलेल्या भ्रूणातून मूल जन्माला आणले होते, पण त्यांच्या हयातीत त्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. तरीही विवाहितेनेही काही बीजांडे स्वतंत्र ठेवावीत, हे शहाणपणाचे. भ्रूणाचा निर्णय पुढे दोघांच्या संमतीवर अवलंबून असतो.

दोन आठवडेही हाताशी नसतील, किंवा मुलगी वयातच आली नसेल, तर दुर्बिणीने अंडाशयाच्या ऊतींच्या पट्ट्या काढून गोठवतात. बेल्जियमच्या जाक दोने यांच्या गटाने अशा ऊतींचे पुनर्रोपण केल्यानंतर २००४ मध्ये पहिले मूल जन्मले. रक्ताच्या कर्करोगात मात्र त्या पट्टीतूनच रोग परतण्याची भीती असते. गोसेरेलिनची इंजेक्शने अंडाशयाला केमोच्या काळात विश्रांती देतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, संप्रेरकांना प्रतिसाद न देणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात, अंडाशय निकामी होण्याचे प्रमाण त्यामुळे २२ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. ही इंजेक्शने गोठवण्याला पर्याय नाहीत, जोड आहेत.

२०२१ च्या सहाय्यित प्रजनन कायद्याने या सेवांसाठी स्त्रीचे वय २१ ते ५० ठरवले आहे. अठराव्या वर्षी लिम्फोमा झालेली मुलगी या चौकटीबाहेर राहते. कर्करुग्णांसाठी या अटीचा फेरविचार व्हायलाच हवा.

गरोदरपणामुळे रोग उलटेल, ही कुटुंबांना वाटणारी मोठी भीती. संप्रेरकांवर वाढणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात टॅमॉक्सिफेनसारखी औषधे पाच-दहा वर्षे चालतात आणि तोवर वय निघून जाते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पॉझिटिव्ह’ अभ्यासात ५१६ स्त्रियांनी दीड ते अडीच वर्षांच्या उपचारांनंतर ही औषधे थांबवून मुलासाठी प्रयत्न केले. तीन वर्षांत रोग परतण्याचे प्रमाण ८.९ टक्के राहिले. तुलनेच्या गटात ते ९.२ टक्के होते. हा पाठपुरावा अल्पकाळाचा आहे. संप्रेरकांवर वाढणारा कर्करोग दहा-पंधरा वर्षांनीही डोके वर काढतो, म्हणून मूल झाल्यावर औषध पुन्हा सुरू करणे या योजनेचाच भाग आहे.