वसईचा वारसा : तटबंदीबाहेरील घंटा

वसईचा स्थानिक इतिहास बहुधा किल्ल्याच्या तटबंदीतच शोधला जातो. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने ती जिंकली. विजयानंतर तेथील चर्चमधील घंटा देशावर नेण्यात आल्या. त्यांपैकी एक पुणे जिल्ह्यातील भीमाशंकरच्या देवालयात, तर दुसरी वाईजवळ मेणवलीस कृष्णाकाठी पोहोचली. ख्रिस्ती उपासनेसाठी ओतलेली घंटा प्रथम विजयचिन्ह झाली आणि पुढे हिंदू देवालयाच्या नित्य व्यवहारात मिसळून गेली. हे स्थित्यंतर केवळ लढाईच्या वृत्तान्तांतून उमगत नाही. म्हणून वसईतील भग्न चर्च आणि या घंटा यांचा अभ्यास एकत्रितपणे व्हावयास हवा. भाविकांनी वापरातून जपलेल्या या घंटा संग्रहालयात हलविणे मात्र अनाठायी ठरेल.