गेयता आणि अन्वय : गीतरामायणाच्या टिकाऊपणाचा भाषिक विचार

बारामतीहून इंदापूरकडे जाताना साखर कारखान्यामुळे नावारूपास आलेले भवानीनगर लागते. तुकाराम महाराजांची पालखी आषाढी वारीस याच मार्गाने जाते, आणि सतराव्या शतकातील अभंग तेथे दरवर्षी हजारो मुखांनी गायिले जातात. याच मार्गावरील बारामतीत मोरोपंतांनी (१७२९–१७९४) आपले काव्य रचिले. परंतु त्यांच्या आर्या आज क्वचितच कानी पडतात. लोकप्रिय गीत कशामुळे टिकते, या प्रश्नाचा विचार करताना ही दोन शेजारची उदाहरणे मार्गदर्शक ठरतात.

अर्वाचीन काळात हा प्रश्न गीतरामायणासंबंधी विशेष उपस्थित होतो. ग. दि. माडगूळकर यांची रचना व सुधीर फडके यांचे संगीत असलेली ही ५६ गीते आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून पुढील रामनवमीपर्यंत दर आठवड्यास प्रसारित झाली. त्यास सत्तर वर्षे लोटली, तरी ती गायिली जातातच. हिंदी, कानडी, संस्कृत आदी भाषांतही ती मूळ चालींवर उतरली आहेत. 'भाषा सोपी, म्हणून गीत लोकप्रिय' असे याचे कारण सामान्यतः सांगण्यात येते. ते परीक्षेस उतरत नाही. या गीतांत तत्सम शब्दांचा भरणा मोठा आहे, आणि त्यांतील कित्येक शब्द नित्याच्या बोलण्यात कधीही येत नाहीत.

तत्सम शब्दांची विपुलता मोरोपंतांतही आहे. रामकथा तर त्यांनी अनेकवार गायिली. १०८ रामायणांचा लौकिक त्यांच्या नावावर आहे. त्यांपैकी निरोष्ठ रामायणात ओष्ठ्य वर्ण वर्ज्य असल्याने 'राम' हा शब्दसुद्धा येऊ शकत नाही. असे कौशल्य डोळ्यांस व बुद्धीस जाणवते. केवळ ऐकणाऱ्यास ते सहसा उमगत नाही. शिवाय त्यांच्या गीतिवृत्तातील ३० मात्रांच्या अर्धात समास दीर्घ होतात आणि कर्ता क्रियापदापासून दूर पडतो. कीर्तनकार जोवर अन्वय लावून देत होता, तोवर आर्या समाजात जिवंत होती. तो दुवा क्षीण होताच ती ग्रंथात राहिली.

अभंगास अशा मध्यस्थाची गरज पडत नाही. मोठ्या अभंगात ६, ६, ६ व ४ अक्षरांचे चरण असतात. दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक जुळते. जेथे चरण थांबतो, तेथेच बहुधा अर्थाचा एक घटकही पुरा होतो. श्वास, लय आणि वाक्यखंड यांच्या सीमा एकत्र येतात.

गीतरामायणाचे वैशिष्ट्य असे की, त्याची शब्दकळा पंडिती परंपरेची असूनही वाक्यरचना अभंगाच्या जातीची आहे. समास आले तरी ते बहुधा एका मात्रासमूहात सामावतात. क्रियापद जवळ सापडते. प्रत्येक अंतऱ्यानंतर ध्रुपद परत येऊन मुख्य विधान पुन्हा सांगते. दुसरे असे की, बहुतेक गीते कथेतील एखाद्या पात्राच्या मुखी घातलेली आहेत. संबोधने, आज्ञार्थ व द्वितीय पुरुषी सर्वनामे यांमुळे कोण कोणास बोलत आहे हे श्रोत्यास चटकन उमगते. एखादा शब्द अपरिचित असला, तरी प्रसंग व संबोधन त्याचा अर्थ सुचवितात. अर्थात चालीचे श्रेय यामुळे उणे होत नाही. परंतु चालीस जे ठसवावयाचे असते, ते वाक्यातच सिद्ध असावे लागते.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. गीताची दुर्बोधता शब्दसंग्रहावरून मोजणे अपुरे आहे. ती अन्वयाच्या अंतरावरून मोजली पाहिजे. तसेच आर्येच्या विस्मरणाचा दोष केवळ मोरोपंतांच्या पांडित्यास देणे न्याय्य नाही. तिला अर्थ पुरविणारी संस्था क्षीण झाली, हेही तितकेच खरे. म्हणून जुनी गीते संगृहीत करताना केवळ संहिता उतरून घेणे पुरेसे नाही. गाणाऱ्याचा श्वास कोठे तुटतो, ध्रुपद केव्हा परतते आणि अर्थ कोण सांगतो, याचीही नोंद झाली पाहिजे. ती नसल्यास पुढील अभ्यासकाच्या हाती शब्द पडतील, पण ते इतकी वर्षे कशाच्या आधारे टिकले, हे त्यास कळणार नाही.