टोमॅटो : परसबागेतील लागवड

टोमॅटो : (वेलवांगी, भेदरा, हिं. टमाटर, लॅ. सोलॅनम लायकोपर्सिकम, कुल–सोलॅनेसी). फळभाजीचे एक नाजूक, लवदार क्षुप. वांगे, मिरची व बटाटा ही याच कुलातील पिके होत. याचे मूलस्थान दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेकडील अँडीज पर्वताचा प्रदेश असून मेक्सिकोत ते विशेषेकरून लागवडीखाली आले. सोळाव्या शतकात ते यूरोपात पोहोचले. फिलिप मिलर यांनी योजलेले लायकोपर्सिकॉन हे वेगळे प्रजातिनाम दीर्घकाळ रूढ होते. आता लिनीअस यांनी १७५३ मध्ये दिलेले वरील नाव पुन्हा ग्राह्य मानतात. प्रस्तुत नोंदीत कोकण किनाऱ्यावरील परसबागेच्या दृष्टीने, वसई परिसरातील उमेळे (जि. पालघर) हे गाव समोर ठेवून, लागवडीची माहिती दिली आहे.

हवामान व हंगाम : वसईच्या वाड्या केळी, नागवेल, फुले व भाजीपाला यांसाठी प्रसिद्ध आहेत. विहिरींवरील रहाट व बावखल (पावसाचे गोडे पाणी साठविणारे खोदीव तळे) यांवर त्या पोसल्या गेल्या. टोमॅटोला मात्र येथे वर्षातील थोडाच काळ मानवतो. जून ते सप्टेंबर या काळातील अतिवृष्टीत मुळाशी पाणी साचते व पानांवर करपा पडतो. दिवसाचे तापमान ३५° से. च्या वर गेल्यास आणि रात्रीही उकाडा राहिल्यास परागकण निकामी होतात व फुले गळतात. म्हणून बी सप्टेंबरच्या अखेरीस ते ऑक्टोबरात पेरून, नोव्हेंबरात रोपे लावून, जानेवारी ते मार्चपर्यंत फळे घेणे इष्ट ठरते.

पाणी व क्षारता : हंगामाची दुसरी मर्यादा पाण्याने ठरते. खाडीलगतच्या विहिरींचे पाणी पावसाळ्यानंतर गोडे असते. उपशाने पातळी खालावली की खारे पाणी आत सरकते व उन्हाळ्याकडे क्षारता वाढत जाते. जमिनीच्या संपृक्त अर्काची विद्युत् संवाहकता सु. २·५ डेसिसीमेन्स प्रती मी. यापेक्षा अधिक झाल्यास टोमॅटोचे उत्पन्न घटू लागते. पुढील प्रत्येक एककास ही घट सु. १०% असते. पानांच्या कडा करपणे, वाढ खुंटणे व फळे लहान राहणे ही क्षारतेची लक्षणे होत. वरंब्याच्या माथ्यावर क्षार साचतात, म्हणून रोप माथ्यावर न लावता बगलेत लावतात. भाताच्या पेंढ्याचे आच्छादन केल्याने बाष्पीभवन कमी होऊन क्षार वर येण्यास आळा बसतो. साठविलेले पावसाचे पाणी रोपवाटिकेसाठी राखून ठेवावे, कारण लहान रोपांना क्षारांचा अपाय लवकर होतो.

लागवड : निचऱ्याची, सेंद्रिय द्रव्ययुक्त, ६ ते ७ पीएच मूल्याची जमीन चांगली. गादीवाफ्यावर किंवा मातीच्या कुंडीत बी सु. १ सेंमी. खोल पेरतात. सु. २५ ते ३० दिवसांची, चार-पाच पानांची रोपे ६० × ४५ सेंमी. अंतरावर, सायंकाळी लावतात. प्रत्येक खड्ड्यात चांगले कुजलेले शेणखत घालतात. खोडाचा मातीखाली गेलेला भाग मुळे धरतो, म्हणून रोप थोडे खोल लावून नंतर मातीची भर देतात. उंच वाढणाऱ्या प्रकारांना बांबूचा आधार देऊन खालच्या बगलफुटी काढतात. पाणी नियमित व बेताचे द्यावे. कोरड पडून एकदम भरपूर पाणी मिळाल्यास फळे तडकतात. ओलाव्याच्या अनियमितपणामुळे फळास कॅल्शियम अपुरे पडले, तर टोकाशी काळा, खोलगट डाग पडतो. हा रोग नव्हे. त्यावर औषध फवारणे व्यर्थ होय.

रोग व कीड : उष्ण, दमट जमिनीत राल्स्टोनिया सोलॅनेसिएरम या सूक्ष्मजंतूमुळे होणारा मर रोग सर्वांत घातक असतो. झाड हिरवे असतानाच एकाएकी कोमेजते. त्याच्या खोडाचा ताजा तुकडा स्वच्छ पाण्याच्या पेल्यात धरल्यास दुधासारखी धार पाझरते. यावरून रोग ओळखता येतो. असे झाड मुळांसह उपटून जाळावे आणि त्या जागी काही वर्षे टोमॅटो, वांगे, मिरची वा बटाटा लावू नये. वांग्याच्या प्रतिकारक्षम खुंटावर केलेली कलमे किंवा बंगलोरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकरित प्रकार अशा जागी उपयोगी पडतो. पाने आखडण्याचा व्हायरसजन्य रोग पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. फळे पोखरणाऱ्या अळीसाठी कडेने झेंडू लावतात. मूळची दक्षिण अमेरिकेतील टूटा ॲब्सोल्यूटा ही पाने व फळे पोखरणारी अळी महाराष्ट्रात २०१४ मध्ये आढळली. पोखरलेली पाने खुडून नष्ट करणे परसबागेत शक्य असते.

काढणी : फुलापासून सु. ४५ ते ५० दिवसांत फळ पिकते. टोकाशी फिकट गुलाबी छटा दिसू लागली की फळाची वाढ पूर्ण झालेली असते; त्यानंतर ते झाडापासून वेगळे केले तरी एथिलीन वायूच्या प्रभावाने पिकत राहते. तांबडा रंग देणारे लायकोपीन ३०° से. च्या वर नीट तयार होत नाही. त्यामुळे मार्चमधील फळे झाडावर ठेवल्यास पिवळसर राहतात. ती रंग फिरताच, देठाच्या सांध्याशी वळवून काढावीत व घरात सावलीत, एकेरी थरात पिकवावीत. डिसेंबर-जानेवारीतील फळे मात्र झाडावरच लाल होऊ द्यावीत. सु. १२° से. खालील थंडीत स्वाद नष्ट होत असल्याने न पिकलेली फळे शीतकपाटात ठेवू नयेत.

बी धरणे : सरळ वाणाच्या निरोगी झाडाचे पूर्ण पिकलेले फळ निवडून गर दोन-तीन दिवस आंबवितात, बी धुऊन सावलीत वाळवितात. संकरित वाणाच्या बियांपासून मूळ गुण टिकत नाहीत. पुसा रुबीसारख्या सरळ वाणाचे, आपल्याच वाडीतील खाऱ्या-गोड्या पाण्यावर तग धरलेल्या झाडांचे बी दरवर्षी राखल्यास त्या जागेस अनुरूप झाडे निवडली जाण्यास वाव मिळतो. तथापि निवडीची ही परंपरा विहिरीच्या गोड्या पाण्यावर अवलंबून आहे. बावखले बुजविली गेली व भूजलाचा उपसा पुनर्भरणापेक्षा अधिक होत राहिला, तर टोमॅटोचा हा थोडक्या महिन्यांचा हंगाम आणखी आखडेल.