कासवाच्या पायाखालची जमीन

जमिनीवर राहणाऱ्या पाळीव कासवाच्या पेटीत तळाला जो थर पसरतात, त्याला सबस्ट्रेट म्हणतात. साध्या मराठीत ती कासवाची भुई. कासव तिच्यावर चालते, तिच्यात खणते, तिच्यात शिरून झोपते, मादी तिच्यातच अंडी घालते. पिल्लाचे कवच सपाट वाढणार की खडबडीत, हेही बऱ्याच अंशी या भुईतल्या ओलाव्यावर ठरते. दिवा, पाण्याची परात, लपायची जागा यांची निवड पाळणारे विचारपूर्वक करतात, आणि भुई मात्र दुकानात जी पिशवी मिळेल तिच्यावर सोडतात. कासवाच्या अनेक दुखण्यांचे मूळ तिथे असते.

खणणारा प्राणी

ऊन वाढले, थंडी पडली किंवा हवा कोरडी झाली की कासव जमिनीचा आसरा घेते. स्वतःच्या शरीराचे तापमान राखण्याची सोय त्याच्यापाशी नाही, म्हणून ते सावलीतून उन्हात आणि उन्हातून मातीत जाते. इंग्लंडमधील सेलबर्नचे निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट यांनी १८व्या शतकात आपल्या आत्याकडे असलेले टिमथी नावाचे कासव नोव्हेंबर महिन्यात अत्यंत संथपणे माती उकरून जमिनीत कसे शिरते, याची बारकाईने नोंद केली. आत्याच्या निधनानंतर १७८० मध्ये त्यांनी ते सेलबर्नला आपल्या बागेत आणले. ते कासव मादी होते, हे पुढे त्याच्या कवचावरून कळले. ते कवच आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. टिमथीला खणायला बागेची माती होती. घरातल्या पेटीतील कासवाला तेवढी माती माणसानेच द्यावी लागते.

मूळ मुलूख, मूळ माती

सर्व कासवांना चालेल अशी एकच भुई नसते. पहिला प्रश्न प्रजातीचा असतो. दक्षिण युरोपातील हर्मन कासव भूमध्य समुद्राकाठच्या झुडपांच्या रानात राहते. तिथे उन्हाळा कोरडा, हिवाळा पावसाळी, आणि झुडपाखालची माती वरून सुकी असली तरी आत थोडी ओलसर असते. मध्य आशियातील रशियन किंवा हॉर्सफील्ड कासव चिकण आणि रेताड जमिनीत लांब बिळे करते व वर्षातील बहुतेक काळ त्यांतच काढते. सहाराच्या दक्षिणेकडील साहेल पट्ट्यातील सुलकाटा कासव काही मीटर खोल बिळात दुपारची होरपळ टाळते. बाहेर वाळवंटी झळा असल्या तरी बिळातली हवा दमट असते. दक्षिण अमेरिकेतील लाल पायांचे कासव दमट रानांत आणि रानाकडेच्या गवताळ प्रदेशांत पालापाचोळ्यावर वावरते. त्याच्या पेटीत हवेची आर्द्रता ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास लागते.

भारतात प्रजातीचा प्रश्न कायद्याचाही आहे. आपल्याकडचे चांदणी कासव, म्हणजे स्टार कासव, घरात पाळणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत असून, त्याबद्दल किमान ३ वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. वन्य प्राण्यांच्या व्यापारावरील ‘साइटीज’ या आंतरराष्ट्रीय करारानेही २०१९ मध्ये त्याला पहिल्या परिशिष्टात घातले. असे कासव कुणाकडे आढळले किंवा सापडले, तर महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. या करारात समाविष्ट असलेल्या विदेशी प्रजाती बाळगणाऱ्यांना २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते.

ओलावा आणि कवच

पेटीत वाढलेल्या कासवाच्या पाठीवर पुष्कळदा एकेक खवला उंचवट्यासारखा वर आलेला दिसतो. याला पिरॅमिडिंग म्हणतात. जास्त प्रथिनांच्या आहाराने हे होते, अशी समजूत दीर्घकाळ होती. २००३ मध्ये विज्नर आणि इबेन या संशोधकांनी सुलकाटाच्या पिल्लांना वेगवेगळ्या आर्द्रतेत ठेवून आणि त्यांच्या खाद्यातील प्रथिनांचे प्रमाण बदलून प्रयोग केला. कोरड्या हवेतील पिल्लांची पाठ अधिक खडबडीत झाली, आणि प्रथिनांचा परिणाम त्यामानाने किरकोळ ठरला. रखरखीत प्रदेशातले कासव म्हणून पेटीत कोरडी वाळू पसरायची, या पद्धतीतली चूक इथे उघडी पडते. वाळवंटातले पिल्लूही दिवसाचा मोठा भाग दमट बिळात घालवते.

उलट टोकही वाईट. पृष्ठभाग सतत चिखलासारखा ओला राहिला, तर पोटाकडच्या कवचात जंतू आणि बुरशी शिरून ते सडू लागते. गारठा आणि ओल एकत्र आली की श्वसनाचे विकार होतात. म्हणून सूत्र असे: वरचा थर कोरडा, आतला थर ओलसर.

वापरण्याजोगे पदार्थ

भूमध्य प्रदेशातील आणि मध्य आशियातील कासवांसाठी खत नसलेली साधी माती आणि धुतलेली बारीक वाळू यांचे मिश्रण सर्वांत चांगले. साधारण ६० टक्के माती आणि ४० टक्के वाळू हे प्रमाण रूढ आहे. यात बीळ टिकते, पायांच्या नख्या झिजतात आणि पाण्याचा निचरा होतो. महाराष्ट्रात काळी माती यासाठी चालत नाही. ती ओली असताना चिकटते आणि वाळली की दगडासारखी होऊन भेगाळते. समुद्रकिनाऱ्याची वाळूही नको, कारण तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचे धारदार तुकडे असतात.

कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारा भुसा. भारत आणि श्रीलंकेतून त्याच्या दाबलेल्या विटा जगभर जातात, आणि युरोप-अमेरिकेतील कासवांच्या पेट्यांमध्ये आज हाच भुसा मोठ्या प्रमाणात दिसतो. तो आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतो आणि सहज खणता येतो. मात्र सोडणे खाऱ्या पाण्यात कुजवलेली असली, तर भुशात मीठ राहते, म्हणून धुतलेला माल घ्यावा. नुसते कोकोपीट वाळले की धूळ उडते आणि त्यात बीळ उभे राहत नाही. मातीत मिसळले की दोन्ही अडचणी कमी होतात.

दमट रानातल्या कासवांसाठी कोकोपीट, सालीचे मोठे तुकडे आणि वर पालापाचोळा अशी रचना करतात. अमेरिकेत सायप्रस झाडाच्या लाकडाचे तुकडे, तर इतरत्र ऑर्किडसाठी मिळणारी फर झाडाची साल वापरतात. स्फॅग्नम शेवाळ लपायच्या जागेतला दमटपणा टिकवण्यासाठी उपयोगी पडते. कासव ते खाऊ लागले तर काढून घ्यावे.

टाळायचे पदार्थ

देवदार जातीच्या आणि पाइनच्या ताज्या लाकडाची रंधा मारताना निघणारी सालपटे सुगंधी असतात. त्यातले उडणारे तेल श्वासनलिकेला झोंबते. कासवाला माणसासारखे श्वासपटल नसते आणि छातीत साचलेला स्राव खोकून बाहेर टाकणे त्याला जवळजवळ जमत नाही. त्यामुळे धूळ आणि उग्र वास यांचा त्रास त्याला अधिक होतो. अक्रोडाच्या टरफलांचा चुरा धारदार असतो. मक्याच्या कणसाचे तुकडे आणि मांजरांसाठीची माती ओल शोषून फुगतात, आणि पोटात गेल्यास तिथेही फुगतात. पेंढा, गवत आणि दाबलेल्या चाऱ्याच्या गोळ्या दमट पेटीत लवकर बुरसतात. कुंड्यांसाठी तयार मिळणाऱ्या मिश्रणात खत आणि पर्लाइटचे पांढरे कण असतात, आणि कासव ते वेचून खाते. गुळगुळीत फरशी, कृत्रिम हिरवळ किंवा नुसते वर्तमानपत्र यांवर पाय घसरतात आणि खणणे तर अशक्यच होते. आजारी किंवा नव्याने आणलेल्या कासवासाठी मात्र काही आठवडे साधा कागद योग्य असतो, कारण त्यावर विष्ठा नीट दिसते आणि जंत तपासता येतात.

पोटात जाणारी वाळू

नुसत्या वाळूवर कासव ठेवले आणि चारा तिच्यावरच टाकला, तर प्रत्येक घासाबरोबर वाळू पोटात जाते. आतड्यात ती साचली की मार्ग बंद होतो. कॅल्शियमयुक्त म्हणून विकली जाणारी वाळूही याला अपवाद नाही. पाण्याची कमतरता असलेल्या कासवात हा धोका वाढतो. कासव मुद्दाम माती किंवा खडे खाऊ लागले, तर त्याच्या आहारात कॅल्शियमसारख्या खनिजांची कमतरता आहे का, हे पाहावे लागते. चारा शहाबादी फरशीच्या तुकड्यावर ठेवणे आणि कासवाला नियमित कोमट पाण्यात बसवणे, हे दोन साधे उपाय. खाणे थांबले, विष्ठा होईना, मागचे पाय ओढत चालू लागले, तर घरगुती औषध न देता पशुवैद्याकडून एक्स-रे काढून घ्यावा. वाळू त्यात स्पष्ट दिसते.

खोली, ओल आणि ऊब

पिल्लाला निदान ५ ते ८ सेंटिमीटर, वाढलेल्या कासवाला निदान १५ सेंटिमीटर खोल भुई लागते. कासवाला पूर्ण बुडता यावे, हे खरे माप. अंडी घालणाऱ्या मादीला याहून अधिक खोली हवी. खणण्याजोगी जागा न मिळाल्यास ती अंडी पोटात अडवून धरते, आणि ते जिवावर बेतू शकते.

ओल किती असावी, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. जमिनीला वापसा आला की जशी माती हाती लागते, तशी ही भुई असावी: मुठीत दाबली तर गोळा होतो, बोटाने टोचला तर सुटतो, आणि पाणी गळत नाही. पाणी वरून शिंपडण्याऐवजी झारीने कोपऱ्यांत सोडावे, म्हणजे ते तळाशी पसरते आणि वरचा थर कोरडा राहतो. आर्द्रतामापक कासवाच्या उंचीवर, भुईलगत लावावा.

ऊब वरून द्यावी. निसर्गात उष्णता सूर्याकडून येते आणि गारवा मातीत असतो. पेटीखाली तापणारी गादी ठेवली, तर उकाड्यातून सुटण्यासाठी खाली खणणारे कासव उलट तापलेल्या तळाशी पोहोचते आणि भाजते.

देखभाल

विष्ठा आणि उरलेला चारा रोज उचलावा, ओल कमी झाली का ते पाहावे, आठवड्यातून एकदा माती खालीवर करावी. तीन ते सहा महिन्यांनी पूर्ण भुई बदलावी. अमोनियाचा वास आला किंवा बुरशी दिसली, तर वाट पाहू नये. काही जण मातीत आयसोपॉड आणि स्प्रिंगटेल हे बारीक जीव सोडतात. ते विष्ठा आणि बुरशी खाऊन माती जिवंत ठेवतात, पण रोजची सफाई त्याने टळत नाही. कासवांच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून भुईला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत आणि लहान मुलांनाही तीच सवय लावावी.

भुई जमली की नाही, हे कासवाच्या वागण्यात दिसते. सकाळी ते दिव्याखाली येते, चरते, आणि दुपारी किंवा संध्याकाळी स्वतः उकरलेल्या जागेत परत जाते. दिवसभर पेटीच्या भिंतीला नखे घासत राहणाऱ्या कासवाच्या बाबतीत जागेच्या लहानपणाबरोबरच मातीची खोली आणि ओलही तपासून पाहावी.