मांजराचा मधुमेह आणि लाल टोपणाची सिरिंज

मांजराला गोड चव कळतच नाही. गोडाची जाणीव व्हायला जिभेवर जे प्रथिन लागतं, त्याचं जनुक मार्जारकुळात निकामी झालेलं आहे. फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या संशोधकांनी २००५ मध्ये हे दाखवून दिलं. वाघ आणि चित्ताही त्यातून सुटलेले नाहीत. तरीही मांजराला मधुमेह होतो, आणि तोही जवळजवळ माणसासारखा. कुत्र्यात बहुधा इन्सुलिन तयार होणंच थांबतं. मांजरात मात्र आधी शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, मग स्वादुपिंड थकत जातं. हा आपल्याकडच्या घरोघरी दिसणाऱ्या टाइप २ मधुमेहाचाच मार्ग. स्वादुपिंडात साचून पेशींना मारक ठरणारं अमायलिन हे प्रथिन १९८७ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी माणसाच्या स्वादुपिंडातल्या गाठीतून वेगळं केलं, तसंच मधुमेही मांजराच्या स्वादुपिंडातूनही.

बीड जिल्ह्यात ज्वारीच्या पोत्यांजवळ उंदीर फिरकू नयेत म्हणून घरात मांजर असतंच, आणि त्याच्या वाटीत पडते दूध-भाकरी. निव्वळ मांसाहारासाठी घडलेल्या या प्राण्याच्या यकृतात पिष्ट पदार्थांतून एकदम येणारी साखर हाताळणारं ग्लुकोकायनेज हे विकर फारच कमी काम करतं. दूध-भाकरी खाणारं प्रत्येक मांजर आजारी पडतं असं नाही. पण लठ्ठपणा, उतारवय, घरातच बसून राहणं आणि दुसऱ्या आजारासाठी दिलेली स्टेरॉइडं एकत्र आली की धोका वाढतो. मांजर पाण्याच्या भांड्यावरून हलेनासं होतं, लघवी खूप वाढते, भरपूर खाऊनही ते वाळत जातं. काही मांजरं मागच्या पायांच्या बोटांवर चालायचं सोडून घोटा जमिनीला टेकवत चालू लागतात. मज्जातंतूंना इजा झाल्याची ती खूण असते.

नुसत्या एका तपासणीवरून निदान पक्कं होत नाही. दवाखान्यात आणलेलं मांजर घाबरतं आणि त्या भीतीनेच त्याची साखर चढते. म्हणून रक्तासोबत लघवीतली साखर पाहतात. शिवाय मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगणारी फ्रुक्टोसामाइन तपासणी करतात. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात बहुतेक वर्दळ गाई, म्हशी आणि शेळ्यांची. पण आधी तिथे दाखवावं आणि गरज पडली तर शेजारच्या परभणीचं पशुवैद्यक महाविद्यालय गाठावं.

मुख्य उपचार म्हणजे इन्सुलिन. त्याचा इतिहासच प्राण्यांच्या उपकारांचा आहे. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं इन्सुलिन टोचलं गेलं. पुढे साठ वर्षं माणसं गाय-बैलांच्या आणि डुकरांच्या इन्सुलिनवर जगली. इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं असतात. गाईच्या आणि मांजराच्या इन्सुलिनमध्ये त्यांतलं एकच वेगळं आहे, तर माणसाच्या आणि मांजराच्या इन्सुलिनमध्ये चार. एवढा फरक असूनही माणसासाठी बनवलेलं इन्सुलिन मांजराच्या शरीरात काम करतं. प्राण्यांकडून माणसाकडे आलेलं औषध आता माणसाच्या मेडिकलमधून मांजराकडे परत जातं.

खरी कसोटी मापाची असते. चार किलोच्या मांजराची सुरुवात बहुधा दर बारा तासांनी एका युनिटने होते. भारतात इन्सुलिन दोन तीव्रतांत मिळतं: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट किंवा १०० युनिट. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. ४० च्या इन्सुलिनचं एक युनिट म्हणजे ०.०२५ मिलिलिटर, जेमतेम अर्धा थेंब. आता १०० चं इन्सुलिन चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये एका रेघेपर्यंत, म्हणजे एक युनिट समजून ओढलं, तर मांजराला अडीच युनिट जातील. माणूस कदाचित निभावून नेईल, मांजराचा जीव जाऊ शकतो. परदेशात खास मांजर-कुत्र्यांसाठी बनणारी काही इन्सुलिनं ४० चीच असतात आणि तिथे त्यांची सिरिंज मुद्दाम मागवावी लागते. आपल्याकडे ती गावच्या मेडिकलमध्ये सहज मिळते. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दर वेळी जुळवून पाहा. मांजरांना अनेकदा दिलं जाणारं ग्लार्जिन १०० चं असतं. ते पाणी घालून पातळ केलं की बिघडतं. दुधाळ दिसणारं इन्सुलिन हलवण्याची पद्धत त्याच्या पत्रकाप्रमाणे किंवा डॉक्टरांना विचारून पाळा.

आधी मांजराला जेवू द्या, मग सुई. बरगड्यांच्या बाजूची कातडी चिमटीत उचलली की खाली पोकळी होते, सुई तिथे जाते. जागा रोज बदला. मांजर हललं आणि औषध केसांवर सांडल्यासारखं वाटलं, तरी पुन्हा टोचू नका. एक डोस चुकला तर दिवसभरात साखर थोडी वाढेल, दोनदा गेला तर ती धोकादायक उतरेल. जेवलं नाही किंवा उलट्या होत असतील, तर टोचण्याआधी डॉक्टरांना फोन करा. झोकांड्या, थरथर, अचानक मलूलपणा किंवा झटके ही साखर उतरल्याची लक्षणं. अशा वेळी मध किंवा ग्लुकोजचं पाणी बोटाने हिरड्यांना चोळा, घशात ओतू नका, आणि लगेच दवाखाना गाठा. घरी कानाच्या कडेच्या शिरेतून थेंब घेऊन साखर तपासता येते; मात्र माणसाचं ग्लुकोमीटर मांजरात आकडा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. माणसाच्या रक्तातली बरीच साखर लाल पेशींत असते, मांजराची जवळजवळ सगळी प्लाझ्मात, आणि यंत्राचं गणित माणसाच्या रक्तावर बसवलेलं असतं.

बीडच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि इन्सुलिनला हवेत २ ते ८ अंश. बाटली फ्रिजच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या खणाजवळ नको. गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं. वीज तासन्‌तास गेली तर डबीत बंद केलेली बाटली ओल्या मातीच्या माठात ठेवावी; कोरड्या उन्हाळ्यात बाष्पीभवनाने माठाच्या आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच खाली राहतं. २०२१ मध्ये जिनिव्हा विद्यापीठ आणि डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स यांनी केनियातल्या दादाब निर्वासित छावणीतली २५ ते ३७ अंशांची चढउतार जशीच्या तशी घेऊन तपासलं, तेव्हा माणसांचं इन्सुलिन चार आठवडे परिणामकारक राहिलं. पावसाळ्यात दमट हवेमुळे माठाचा उपयोग कमी होतो. उघडलेली बाटली पत्रकावरच्या मुदतीनंतर, बहुधा चार आठवड्यांनी, बदला. दहा मिलिलिटरच्या बाटलीतलं बरंचसं औषध तेव्हा उरलेलं असेल, तरीही. वापरलेल्या सुया कडक प्लास्टिकच्या डब्यात साठवा.

आहारही बदलावा लागतो: भाकरी-दूध कमी, मांस-अंडी जास्त. मांसात कांदा-लसूण अजिबात नको. आणि नुसत्या उकडलेल्या मांसात कॅल्शियम कमी पडतं, म्हणून पूरक काय द्यायचं ते विचारून घ्या. आहार सुधारला की इन्सुलिनची गरजही घटते, त्यामुळे हे दोन्ही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करा. लवकर सुरू झालेल्या नेमाच्या उपचारांनी काही मांजरांचं स्वादुपिंड पुन्हा सावरतं आणि इन्सुलिन पूर्ण बंद करता येतं. अशा मांजराची साखर त्यानंतरही तपासत राहावी लागते, कारण मधुमेह परत येऊ शकतो.