वाढे टाकणारी गाय : नखरा की दुखणे?



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या गावांत हिरव्या वैरणीची चंगळ होते. फडातून वाढ्यांच्या पेंढ्या घरी येतात आणि तीन-चार महिने वैरणीची चिंता मिटते. पण याच दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते : "साहेब, गाय वाढं खात नाही. हुंगते आणि तोंड फिरवते." शेजारची म्हैस तेच वाढे मिटक्या मारीत खाते, म्हणून घरचा माणूस चिडतो आणि म्हणतो, "नखरे करतीया. ठेवा उपाशी, झक मारून खाईल."

हा उपाय दुभत्या जनावराला फार महागात पडतो. दोन दिवस पोट रिकामे राहिले की दूध उतरते. उतरलेले दूध पूर्वीइतके चढायला बरेच दिवस लागतात, काही वेळा त्या वेतात ते चढतच नाही. म्हणून उपाशी ठेवण्याऐवजी वैरण का टाकली जाते ते समजून घ्यावे व ती खाण्याजोगी करावी.

आधी दुखणे नाही ना, ते पाहावे

जनावराने फक्त वाढेच टाकले, पण कडबा, आंबोण व पाणी नेहमीसारखे घेतले, तर तो आवडीनिवडीचा प्रश्न समजावा. सगळेच टाकले, रवंथ बंद झाला, डोळे खोल गेले, तर ते दुखणे आहे. तोंडातून लाळ गळते का, जिभेवर किंवा हिरड्यांवर फोड आहेत का, खुरात जखम आहे का, हे पाहावे; लाळ-खुरकुताची ही लक्षणे आहेत. म्हाताऱ्या जनावराच्या दाढा झिजलेल्या असतात. कधी वैरणीबरोबर तारेचा तुकडा वा खिळा पोटात गेलेला असतो. असे जनावर पाठ कमानीसारखी करून उभे राहते व बसता-उठता कण्हते. अशा वेळी घरगुती काढे पाजत बसू नये, पशुवैद्यकाला बोलवावे.

जे जनावर वैरण टाकते पण माती, चिंध्या, हाडे, दोरखंड चघळते, त्याच्या अंगात बहुधा फॉस्फरस व मिठासारखी खनिजे कमी असतात. त्याला नखरेल म्हणणे अन्यायाचे आहे.

निरोगी जनावर वाढे का टाकते?

पहिले कारण पानाचे. उसाच्या पानाच्या कडा करवतीसारख्या असतात आणि देठाकडच्या भागावर बारीक कूस असते. लांबच्या लांब पान गव्हाणीत टाकले की ते ओठांना, जिभेला टोचते. दुसरे कारण शिळेपणाचे. पेंढ्यांची थप्पी दोन दिवस पडून राहिली की आतून तापते, वास येतो, बुरशी धरते. माणसाच्या आधी जनावराच्या नाकाला ते कळते. तिसरे कारण सवयीचे. काल मका आणि लसूणघास खाणाऱ्या गाईपुढे आज एकदम वाढ्यांचा भारा टाकला, तर ती बावरणारच.

यात पोटाचाही भाग आहे. गाईच्या कोठीपोटात कोट्यवधी सूक्ष्मजंतू असतात व वैरण पचविण्याचे काम तेच करतात. वैरण बदलली की त्यांना जुळवून घ्यायला दोन ते तीन आठवडे लागतात.

तयारी : कुट्टी, मिश्रण आणि चव

1) त्याच दिवशीचे हिरवे वाढे घ्यावे. वाळलेले पाचट त्यात घालू नये. पाचटाची जागा गव्हाणीत नाही, खोडव्याच्या सरीत आहे. चिखलाने माखलेली पाने बाजूला काढावीत.

2) वाढ्यांची साधारण इंचभर कुट्टी करावी. कुट्टीने धारदार कडांचा त्रास कमी होतो आणि जनावराला पान निवडून खाता व बुडखे टाकता येत नाही. कुट्टी यंत्रात पेंढी ढकलताना हात आत जाऊ देऊ नये व लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये.

3) जनावराची आवडती वैरण व वाढ्यांची कुट्टी नीट कालवून द्यावी. वर एक, खाली एक असे थर घातले तर नखरेल गाय वरचे खाऊन खालचे तसेच ठेवते.

4) पहिले तीन दिवस किलोभर वाढे. नंतर दर दोन दिवसांनी किलो-सव्वा किलो वाढवीत जावे. तीन आठवड्यांत 10 ते 12 किलोवर यावे. मध्येच तोंड फिरवले तर दोन दिवस मागच्या प्रमाणावर यावे, मग पुन्हा पुढे सरकावे.

5) सुरुवातीच्या दिवसांत 100 ते 150 ग्रॅम गूळ आणि चिमूटभर मीठ दोन लिटर पाण्यात विरघळवून कुट्टीवर शिंपडावे. सवय लागली की गूळ कमी करीत बंद करावा. "गोड आवडतंय" म्हणून गूळ किंवा उसाचे तुकडे भरमसाट घालू नयेत. जास्त साखरेने पोटात आम्ल वाढते व जनावर दगावूही शकते.

6) नवी वैरण सकाळी जनावर भुकेले असताना प्रथम द्यावी. गव्हाणीतला कालचा चघळ काढून टाकावा. ओल्या चघळाच्या वासाने चांगली वैरणही नकोशी होते.

नुसत्या वाढ्यांवर गोठा चालवू नये

काही घरी उलटा प्रकार असतो. जनावर वाढे आवडीने खाते, म्हणून हंगामभर दुसरे काही दिलेच जात नाही. हे अधिक धोक्याचे आहे. वाढ्यांत ऑक्झलेट नावाचा पदार्थ असतो. तो वैरणीतल्या कॅल्शियमला धरून ठेवतो व ते अंगी लागू देत नाही. मग दूध घटते, हाडे ठिसूळ होतात, मुतखड्याचा त्रास होतो. व्यालेली गाय दुग्धज्वराने बसते, तिचे कान गार पडतात, मान कुशीला वळते. नावात ज्वर असला तरी अंगाला ताप नसतो. तिला पशुवैद्यकाकडून शिरेतून कॅल्शियम वेळेवर मिळाले तर ती बहुधा उठते, उशीर झाला तर हातची जाते.

कोठीपोटातले काही जंतू ऑक्झलेटचा नाश करतात, पण त्यांची संख्या हळूहळू वाढते. म्हणून वर सांगितलेला तीन आठवड्यांचा क्रम वाढे आवडीने खाणाऱ्या जनावरालाही लागू आहे.

कुट्टीवर चुन्याची निवळी शिंपडण्याची पद्धत चांगली आहे. विरवलेला चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवावा व सकाळी फक्त वरचे स्वच्छ पाणी घ्यावे. तळाचा चुना घालू नये, तोंड भाजेल. मात्र निवळीत कॅल्शियम थोडेच उतरते. तेव्हा मोठ्या जनावराला रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण दिलेच पाहिजे.

सुमारे 400 किलो वजनाच्या दुभत्या गाईला रोज साधारण 10 ते 12 किलो कोरडे खाद्य लागते. 12 किलो वाढ्यांत पाणीच जास्त, कोरडा भाग साडेतीन किलोच्या आसपास. म्हणून एक नमुना असा :

वाढ्यांची कुट्टी – 12 किलो
लसूणघास – 8 किलो
कडब्याची कुट्टी – 4 किलो
पेंड-भुशाचा खुराक – 3 किलो (दुधाप्रमाणे कमी-जास्त)
खनिज मिश्रण – 50 ग्रॅम
मीठ – 30 ग्रॅम

पाणी मात्र मोजून देऊ नये, हवे तेवढे प्यायला मिळावे. लसूणघास नसेल तर चवळी, बरसीम अशी कोणतीही द्विदल हिरवी वैरण चालेल. दहा गुंठ्यांचा लसूणघासाचा तुकडा राखणे दुभत्या गोठ्याच्या मालकाला जड नाही.

उन्हाळ्याची तरतूद

हंगाम संपला की वाढे संपतात आणि मे महिन्यात कडब्याला सोन्याचा भाव येतो. तेव्हा जास्तीच्या वाढ्यांचा मुरघास करावा. इंचभर कुट्टी करून टनाला 10 ते 15 किलो गूळ व 5 किलो मीठ मिसळावे. खड्ड्यात किंवा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत थर देऊन हवा राहणार नाही इतके तुडवावे आणि झाकण हवाबंद करावे. 45 दिवसांनी काढावे. आंबट-गोड वास व पिवळसर हिरवा रंग आला की मुरघास साधला. काळा, बुरशीचा भाग फेकून द्यावा. मुरघासाचीही सवय मूठ-मूठ घालूनच लावावी व तो धार काढल्यानंतर द्यावा, म्हणजे दुधाला वास लागत नाही.

फडातली काळजी

वाढे योग्य ठिकाणी छाटले गेले तर दोन्हीकडून फायदा आहे. शेंड्याच्या कोवळ्या भागात साखर कमी असते. तो मोळीतून कारखान्यात आला की उतारा घटतो. तोच गोठ्यात गेला तर दूध देतो. तोडणी कामगारांच्या बैलांचाही वाढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क आहे. तेव्हा आपल्या गोठ्याला किती लागणार, हे तोड सुरू होण्याआधी टोळीशी बोलून घ्यावे, म्हणजे फडात वाद होत नाहीत. जेथे यंत्राने तोडणी होते, तेथे वाढ्यांचे तुकडे होऊन मातीत पडतात व वैरण म्हणून हाती फारसे लागत नाही. अशा सभासदांनी मका, कडवळ किंवा हत्तीगवताची सोय आधीच करावी.

ज्यांच्या फडाला पुढील महिन्यात तोड येणार आहे, त्यांनी आजच कुट्टी यंत्राची पाती धार लावून घ्यावीत आणि खनिज मिश्रण आणून ठेवावे. मुरघासाचा खड्डा आखून हवा असल्यास आपल्या गटाच्या शेती कार्यालयात नाव द्यावे.

– ऊस विकास अधिकारी